खांदा बसवला म्हणजे बरा झाला, असं नाही भाऊ

जळगाव-भुसावळकडे मैदानावर अजूनही सर्रास ऐकू येतं, गोलकीपरने डाइव्ह मारली, खांदा निखळला, कुणीतरी हात ओढून बसवला, चार दिवस मालिश केली, दुखणं थांबलं की पोरगं परत खेळायला मोकळं. हे चुकीचं आहे, आणि यात पोरांचे खांदे कायमचे खराब होतात म्हणून कळकळीने लिहितोय.

खांद्याची खोबणी बशीसारखी उथळ असते, तिच्या कडेला लॅब्रम नावाची कुर्चेची, म्हणजे लवचिक मऊ हाडाची, कड दंडाच्या हाडाचा गोळा धरून ठेवते. खांदा निखळतो तेव्हा 100 पैकी साधारण 95 वेळा पुढच्या बाजूला निखळतो, आणि तरुण पोरांमध्ये बहुतेक वेळा ही कडच फाटते, कधी खोबणीचं हाडही तुटतं, गोळ्याला मागून खाच पडते. हात ओढून हाड जागेवर येतं पण फाटलेली कड जागेवर येईलच असं नाही ना! म्हणून विशीच्या आतल्या खेळाडूंचा खांदा पुन्हा निखळायची शक्यता खूप जास्त, आणि दरवेळी हाड-कुर्चा आणखी झिजते. पुढे सांधेवात होतो, तो तर एकदाच निखळलेल्या खांद्यातही होऊ शकतो.

आणि मैदानावर ओढाओढ तर नकोच, फ्रॅक्चर असलं किंवा नस दाबली गेली असली तर काम वाढतं. झोळी बांधा, एक्स-रे काढा, कड फाटल्याचा संशय असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात. ऑपरेशन सगळ्यांनाच लागत नाही, पण दुखणं थांबलं एवढ्यावर गोलमध्ये उभं राहू नका, आधी फिजिओकडून ताकद तपासून घ्या.