वृद्धाश्रमाच्या विश्वस्त मंडळावर निवड झाली? मग बदल अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं नीट समजून घ्या

निवृत्त मुख्याध्यापक, पतसंस्थेचे माजी अध्यक्ष, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सचिव बाई, गावातल्या जुन्या डॉक्टर. परवडणाऱ्या दरात वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्थेला विश्वस्त हवे असले की हीच माणसं सगळ्यांना आठवतात. ती मनापासून हो म्हणतात, सभेत ठराव होतो, टाळ्या होतात. त्यापुढचं काम मात्र बऱ्याच ठिकाणी राहून जातं. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा अर्ज, दाखल करायचा असतो. बोलताना सगळे त्याला ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात.

मी ज्या मंडळावर आहे तिथे हे आम्हाला ठेच लागून कळलं. धनादेशावर सह्या करणारे दोन विश्वस्त वर्षभरात वारले. नवीन माणसं निवडली होती, पण नोंद झालेली नव्हती, त्यामुळे बँक नव्या सह्या घेईना. तीन महिने किराणावाल्याने उधारीवर धान्य दिलं म्हणून आजी-आजोबांच्या ताटात जेवण आलं. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

नोंद कुठे असते

महाराष्ट्रातले बहुतेक वृद्धाश्रम महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासांचे, म्हणजे ट्रस्टचे, आहेत. अनेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते, या कायद्याखाली आणि संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालीही. न्यासाचं नाव, पत्ता, विश्वस्तांची नावं, विश्वस्त नेमण्याची पद्धत, जमीन-इमारत हे सगळं परिशिष्ट १ च्या नोंदवहीत असतं. तिचा उतारा म्हणजे आपला ‘शेड्यूल वन’. बँक आणि अनुदान देणारं खातं आधी हाच उतारा मागतात. त्यातली कोणतीही नोंद बदलली की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत ते कळवणं विश्वस्तांवर बंधनकारक आहे.

हे ९० दिवस बदल घडला त्या दिवसापासून मोजायचे, सभेत त्याची दखल घेतली त्या दिवसापासून नाही. समजा एक विश्वस्त १० जानेवारीला वारले आणि त्यांच्या जागी २० जूनला नवीन निवड झाली. हे दोन वेगळे बदल आहेत. पहिल्याची मुदत १० एप्रिलला संपते, दुसऱ्याची १८ सप्टेंबरला. लोक जूनची निवड झाल्यावर दोन्ही एकत्र कळवायला जातात, आणि पहिल्याला उशीर झालेला असतो. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि खर्चाची रक्कम भरावी लागते.

विश्वस्त कोण होऊ शकतो

कायद्यात शिक्षणाची किंवा उत्पन्नाची अट नाही. पात्रता ठरते ती संस्थेच्या घटनेवरून किंवा न्यासपत्रावरून, म्हणून पहिला कागद तोच वाचायचा. सभासद असल्याशिवाय मंडळावर येता येत नाही, असं घटनेत असेल तर निवडीच्या दिवशी त्या व्यक्तीचं नाव सभासद नोंदवहीत हवं आणि वर्गणीची पावतीही हवी. सगळ्यात जास्त हरकती इथेच येतात. मोठ्या मानाच्या माणसाला बोलावून घेतलं, सभासद करायचं मात्र विसरलं, असं होतं.

मुदतीचं कलमही पाहा. २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तहहयात विश्वस्तांच्या संख्येवर एकचतुर्थांशाची मर्यादा आली आहे. जुन्या न्यासपत्रांत याबाबत काय लिहिलंय ते वकिलाला दाखवून घेतलेलं बरं.

विश्वस्तपद जाऊही शकतं. कलम ४१-ड प्रमाणे हिशेब सादर करण्यात सतत कसूर, कायदेशीर आदेश मुद्दाम न पाळणं, कामाकडे सतत दुर्लक्ष, पैशाचा अपहार, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, किंवा न्यासाच्या हिताविरुद्ध पद स्वीकारणं यांपैकी कशावरूनही विश्वस्ताला निलंबित करता येतं किंवा काढता येतं. आश्रमाला माल पुरवणाऱ्याने किंवा जागा भाड्याने देणाऱ्याने मंडळावर येण्याआधी शेवटच्या मुद्द्याचा विचार करावा. माझं मत विचाराल तर अशा हितचिंतकाने देणगीदार म्हणून राहावं आणि मंडळावर निवृत्त परिचारिका किंवा बँकेतून निवृत्त झालेला हिशेबाचा माणूस घ्यावा. आश्रमाला रोज त्यांचीच गरज पडते.

कागद कोणते लागतात

अर्ज परिशिष्ट ३ च्या नमुन्यात असतो. एक विश्वस्त तो ‘कळवणारा विश्वस्त’ म्हणून सही आणि सत्यापन करून देतो, सोबत त्याचं प्रतिज्ञापत्र. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कोर्ट फी स्टॅम्प लावलेली प्रत आणि मूळ कागद आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयात द्यायचे. जोडायला शेड्यूल वनचा ताजा उतारा, घटनेची प्रत, जुन्या आणि नव्या विश्वस्तांची यादी, नव्यांची संमतीपत्रं आणि त्यांची आधार, पॅन यांची प्रत लागते. गेलेल्यांचा मृत्यू दाखला, पद सोडणाऱ्यांचा राजीनामा आणि जमलं तर त्यांचं ना-हरकत पत्रही जोडा. मावळत्या विश्वस्तांना नोटीस जाते, त्यामुळे त्यांचा चालू पत्ता आधीच विचारून ठेवा.

खरी कसोटी सभेच्या कागदांवर लागते. सभेची सूचना, ती घटनेत सांगितली आहे तितके दिवस आधी सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, गणपूर्ती आणि इतिवृत्त. सूचनेत ‘विश्वस्तांची निवड’ हा विषय स्पष्ट लिहिलेला हवा. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात केलेली निवड हरकतीसमोर टिकवणं अवघड जातं. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला म्हणजे सूचना दिली असं धरू नका. घटनेत पोस्टाने किंवा हातपोच लिहिलं असेल तर स्पीड पोस्टच्या पावत्या किंवा पोचवहीतल्या सह्याच लागतात. आम्ही आता प्रत्येक सभेच्या सूचनेची वेगळी फाइल ठेवतो.

पुढे काय होतं

विश्वस्तांची नावं बदलण्याच्या अर्जांसाठी २०१७ मध्ये प्रक्रिया सोपी झाली. उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त १५ कामकाजाच्या दिवसांत बदल तात्पुरता मान्य करू शकतात आणि हरकतींसाठी नोटीस काढतात. नोटिशीच्या ३० दिवसांत हरकत आली नाही तर तोच आदेश कायम होतो आणि नोंदवहीत नोंद होते. हरकत आली तर चौकशी लागते, साक्षी-पुरावे होतात. निकाल मान्य नसेल तर कलम ७० खाली ६० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे अपील करता येतं.

अर्ज प्रलंबित आहे म्हणून रीतसर निवडून आलेल्या मंडळाने हात बांधून बसायचं नसतं. आश्रमाचं रोजचं काम चालवायचंच. अडतं ते बाहेरच्यांशी. बँक नोंद मागते आणि अनुदानाच्या अर्जाला चालू विश्वस्तांची यादी लागते. निराधार ज्येष्ठांच्या आश्रमासाठी केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून मदत मिळते, पण नोंदीच जुन्या असतील तर तिथे कागदांवरच अडकायला होतं.

सगळ्यात कठीण प्रकरण जुन्या संस्थांचं. शेवटचा मंजूर बदल वीस वर्षांपूर्वीचा, त्यानंतरचे तीन-चार अर्ज एकामागोमाग प्रलंबित, आणि उताऱ्यावरची बरीचशी माणसं हयात नाहीत. अशा वेळी नुसता नवा अर्ज टाकून भागत नाही. आजची निवड ज्या मंडळाने केली ते मंडळ कसं आलं, हा प्रश्न येतोच, म्हणून साखळीतल्या जुन्यात जुन्या अर्जापासून सुरुवात करायची. धर्मादाय कार्यालयातून प्रत्येक अर्जाची सद्यस्थिती लेखी मागा, नकला काढा. उताऱ्यावर एकही विश्वस्त हयात नसेल तर कलम ४७ खाली न्यासात हितसंबंध असलेल्या व्यक्ती विश्वस्त नेमण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकतात.

विश्वस्त झाल्यावर कायद्याने काय अडतं

दान मिळालेली जमीनही बदलच आहे. कुणी बक्षीसपत्राने आश्रमासाठी गुंठाभर जागा दिली तर तीही ९० दिवसांत कळवावी लागते. सातबाऱ्यावर न्यासाचं नाव लागलं म्हणून हे काम संपत नाही. उलट, न्यासाची जागा विकायची, बक्षीस द्यायची, किंवा बिगरशेती जागा ३ वर्षांपेक्षा आणि शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी घ्यावी लागते. कर्ज काढायलाही परवानगी लागते.

राहणाऱ्यांकडून घेतलेली अनामत रक्कम कुणा ओळखीच्याकडे ‘जास्त व्याजाने’ ठेवण्याचा मोह मंडळांना होतो. न्यासाचा पैसा कलम ३५ मध्ये सांगितलेल्या ठिकाणीच गुंतवता येतो. ती अनामत म्हणजे एखाद्या आजींची शेवटची पुंजी असते. लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत व्हायला हवं, हेही नव्या विश्वस्तांनी पहिल्याच बैठकीत विचारावं.

बदल मंजूर झाला की आदेशाची आणि नव्या उताऱ्याची प्रमाणित प्रत एक नको, चार-पाच काढा. एक बँकेला, एक लेखापरीक्षकाला, एक आश्रमाच्या फायलीत. संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची नोंदणी असेल तर पदाधिकारी बदलल्याचं ४५ दिवसांत केंद्रीय गृह मंत्रालयाला ऑनलाइन वेगळं कळवावं लागतं. ते दिवसही बदलाच्या तारखेपासूनच मोजतात, म्हणून धर्मादाय कार्यालयाच्या आदेशाची वाट पाहत थांबू नका.