खाऱ्या पाण्यात जंतू मरतात?

सोलापुरात मी हा समज लहानपणापासून ऐकतो: समुद्र खारा, मिठात जंतू मरतात, मग सांडपाणी तसंच सोडलं तर बिघडलं काय?

बिघडतं. लोणच्यातल्या मिठापुढे समुद्रातलं मीठ अगदी कमी, जेमतेम ३.५ टक्के. कॉलऱ्याचा जंतू तर खाडीच्या मचूळ पाण्यात खुशाल जगतो. काविळीचा विषाणू शिंपल्यांत साठतो आणि खाणाऱ्याच्या पोटात जातो. ऊन पुष्कळ जंतू मारतं, पण गढूळ पाण्यात ते खोल पोचत नाही.

सांडपाणी तसंच समुद्रात सोडावं का, हा वाद कॅनडातल्या व्हिक्टोरिया या किनाऱ्यावरच्या शहरात अनेक दशकं चालला. तिथलं सांडपाणी प्रक्रिया केंद्र २०२० च्या अखेरीस सुरू झालं.

आणि समुद्र आपल्यापासून तुटलेला नाही. आपल्या सोलापूरजवळची सीना नदी कुडलजवळ भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला.