रेस कंडिशन (फाइलप्रणालीतील)

एकाच फाइलीवर किंवा डिरेक्टरीवर (फोल्डरवर) दोन प्रक्रिया (चालू प्रोग्राम) एकाच वेळी काम करीत असता, कोणाची पायरी आधी पडते यावर निकाल बदलत असेल तर त्या दोषाला रेस कंडिशन किंवा नुसते ‘रेस’ म्हणतात. संज्ञा मूळची स्विचिंग मंडलांच्या अभ्यासातली असावी. डेव्हिड हफमन यांच्या १९५४ च्या प्रबंधात ती आढळते. त्यावरून ती त्यांनीच घडवली असे ठरत नाही, तेव्हा वापरात होती एवढेच म्हणणे बरे. फाइलींच्या संदर्भात बिशप व डिल्गर यांचा १९९६ चा लेख सहसा पुढे केला जातो, पण त्याचा रोख प्रोग्रामने फाइल तपासणे आणि ती वापरणे यांमधल्या फटीवर आहे. येथे विचार केला आहे तो कर्नलमधील (कार्यप्रणालीच्या गाभ्यातील) फाइलप्रणालीच्या कोडचा, आणि तोही लिनक्सपुरता.

एका वेळी एकाच प्रक्रियेला काम करू देणारे कुलूप, म्हणजे लॉक, घालणे सोपे असते. तो कधी आणि कोणत्या क्रमाने घ्यायचा यात सगळे अडते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलप्रणालीमध्ये डिरेक्टरी हलवतानाचा दोष याचा चांगला नमुना आहे. डिरेक्टरी एका पालक-डिरेक्टरीतून दुसरीत गेली की तिच्यातील ‘..’ ही नोंद नव्या पालकाकडे वळवावी लागते. इनलाइन डेटा ही सोय चालू असेल तर लहान डिरेक्टरीचा मजकूर डिस्कवरच्या वेगळ्या ब्लॉकमध्ये न जाता आयनोडमध्येच (फाइलीची वा डिरेक्टरीची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत) बसतो, आणि ‘..’ साठी सुरुवातीचे ४ बाइट असतात. रिनेम (नाव किंवा जागा बदलणे) करताना जुना व नवा असे दोन्ही पालक लॉक होत. हलणारी डिरेक्टरी मात्र मोकळीच राही. नेमक्या त्या वेळी दुसऱ्या प्रक्रियेने तिच्यात फाइल तयार केली आणि आयनोडमधली जागा संपली, तर मजकूर साध्या ब्लॉकमध्ये हलवला जाई. रिनेमच्या कोडला हा बदल ठाऊक नसे. तो जुन्याच मांडणीवर विसंबून पुढे जाई आणि कर्नल कोसळे.

२०२३ च्या सुरुवातीला लिनक्स कर्नलचे विकासक यान कारा यांनी हलणारी डिरेक्टरी ईएक्सटी४ च्या रिनेममध्येच लॉक केली. पण तो लॉक जर्नलचा (बदलांच्या नोंदवहीचा) व्यवहार सुरू झाल्यावर घेतला जात होता, आणि इतर सर्व डिरेक्टरी-क्रियांत आधी आयनोडचा लॉक, मग व्यवहार असा क्रम आहे. लॉकचा क्रम तपासणाऱ्या लॉकडेप या कर्नलमधील साधनाने हे पकडले; लॉक व्यवहाराच्या आधी सरकवावा लागला. यूडीएफ, एफ२एफएस, ओसीएफएस२ या फाइलप्रणालींनाही हाच धोका असल्याने लिनक्सच्या ६.५ आवृत्तीत हे काम व्हीएफएस या सामाईक थरात नेण्यात आले. क्रमाचा गुंता प्रत्येक फाइलप्रणालीवर सोपवू नये, हा त्यामागचा विचार योग्यच होता.

तरीही क्रमाचा नियम चुकला. पूर्वज डिरेक्टरी आधी लॉक करायची, आणि नाते नसेल तर आयनोडच्या मेमरी-पत्त्यानुसार, असा तो होता. क ही ग ची पूर्वज आहे, ख चा दोघींशी संबंध नाही आणि पत्त्यांचा चढता क्रम ग, ख, क असा आहे, असे धरा. नियमाने क आधी ग, ग आधी ख, ख आधी क. तीन प्रक्रियांनी एकेक लॉक धरला की तिघीही कायमच्या अडकतात. व्हीएफएस सांभाळणारे अल वायरो यांनी ६.८ मध्ये (२०२४) हा नियम काढला. पालक बदलत असेल तरच हलणारी डिरेक्टरी लॉक करायची, कारण एरवी ‘..’ ला हात लागतच नाही. आणि दोन उपडिरेक्टऱ्या लॉक करायच्या असतील तर संपूर्ण फाइलप्रणालीचा रिनेम-म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारा लॉक) आधी हातात हवा. मग पालक (त्यांत पूर्वज पहिला), त्यानंतर उपडिरेक्टऱ्या (स्रोत आधी, लक्ष्य नंतर), शेवटी साध्या फाइली पत्त्याच्या क्रमाने. डिरेक्टरी स्वतःच्याच पोटात जात नाही ना, याची तपासणी पालक लॉक झाल्यावरच करायची; आधी केली तर मधल्या काळात डिरेक्टऱ्यांच्या झाडाचा आकार बदललेला असू शकतो.

लॉकडेप (लिनक्स २.६.१८ पासून, २००६) लॉकच्या वर्गांचा क्रम तपासतो, प्रत्येक आयनोडचा नव्हे. पालक व अपत्य असे उपवर्ग कोड लिहिणारा स्वतः सांगतो आणि लॉकडेप त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून वर दाखवलेले क-ख-ग चे चक्र त्याच्या नजरेतून निसटू शकते. केसीसॅन हे दुसरे साधन (लिनक्स ५.८ पासून, २०२०) लॉकविना होणारे एकाच वेळचे मेमरी-वाचन व लेखन दाखवते. दोष पुन्हा घडवून पाहण्यासाठी संशयित दोन पायऱ्यांमध्ये काही मिलिसेकंदांचा तात्पुरता विलंब घालून फट रुंदावतात, आणि एका बाजूने रिनेम, दुसऱ्या बाजूने त्याच डिरेक्टरीत फाइली तयार करणे असे सतत चालू ठेवतात.