वेगळा रंग आणि उठून दिसणारा रंग

युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या नव्या जर्सी बाहेर आल्या की आमच्या भिवापूरकडच्या गावात मैदानाच्या कडेला तोच वाद पेटतो, जास्त करून जर्मनीच्या बायर्न म्युनिकवरून, कारण त्यांच्या लाल जर्सीवर डॉइच टेलिकॉम या फोन कंपनीचा लोगो असतो. "बायर्नच्या जर्सीवर टेलिकॉमचा लोगो पांढरा कायले केला बे? कंपनीचा रंग तं गुलाबी हाय!" मग कोणीतरी म्हणतो, डुप्लिकेट असंन. दुसरा म्हणतो, लाल जर्सीवर गुलाबी वेगळा दिसला असता, चुकलंच त्यायचं. गावच्या टीमच्या जर्सी मीच छापून आणतो आणि हे दरवर्षी ऐकतो, म्हणून आता नीट लिहितो.

वेगळा रंग सगळ्यांनाच कळतो. लाल म्हणजे हिरवा नाही, निळा म्हणजे जांभळा नाही. दुकानात ताग्याशेजारी तागा ठेवला की फरक दिसतो. त्यावर जास्त बोलायला नको.

उठून दिसणं मात्र निराळं आहे. ते रंगाच्या नावावर नाही, उजळपणावर चालतं: एक रंग किती फिका आणि दुसरा किती गडद. दोन रंग नावाने एकमेकांपासून कितीही लांब असोत, उजळपणा सारखा असेल तर लांबून ते एकमेकांत मुरतात.

मिरचीच्या वावरात हे रोज दिसतं. दुपारी झाडावरची लाल मिरची हिरव्या पानांत झगझगते. दिवस कलला की तीच मिरची काळी पडते आणि तोडणाऱ्या बाया हाताने चाचपायला लागतात. शेजारच्या पऱ्हाटीवरचा कापूस मात्र अंधार पडल्यावरही दिसतो, चांदण्यात तर धुऱ्यावरून दिसतो. मिरची हिरव्यापेक्षा वेगळी आहे, कापूस हिरव्यापेक्षा उजळ आहे. कमी उजेडात आपल्या डोळ्याला लाल सगळ्यात आधी काळवंडलेला दिसतो, हे पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने 19व्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवलंय. आमच्या मॅचेस वावरातली कामं उरकून संध्याकाळी पाच-साडेपाचला सुरू होतात, म्हणजे नेमक्या त्याच वेळी.

भर उजेडातही बारीक रेषा, अक्षरं, कडा डोळा मुख्यतः उजळपणावरूनच ओळखतो. रंगाची जाण त्यामानाने ढोबळ असते. टीव्हीचं प्रक्षेपणही याचाच फायदा घेतं: उजळपणाचा तपशील पूर्ण पाठवतात, रंगाचा कमी. मोबाइलच्या पडद्यावर शुद्ध पांढऱ्याचा उजळपणा 100 धरला, तर शुद्ध पिवळा 93 भरतो, लाल 21 आणि निळा जेमतेम 7. म्हणून पांढऱ्यावर पिवळी अक्षरं विरून जातात आणि निळ्यावर तीच पिवळी ओरडून सांगतात. जर्सीचा गडद लाल आणि बॉटल ग्रीन मोजले तर दोन्ही खालच्याच आकड्यांत, जवळजवळ येतात. म्हणजे फरक जवळपास नाहीच.

मागच्या वर्षी मी स्वतः यात फसलो. जर्सी बॉटल ग्रीन, पैसे देणार एक कृषी केंद्रवाले काका, त्यांचा लोगो लाल. छापणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाइन पाठवलं, हातभर अंतरावरून मोबाइलच्या उजेडात ते मस्त दिसलं आणि मी हो म्हटलं. मॅचच्या दिवशी काका टचलाइनवर खुर्ची टाकून बसले. दहा मिनिटांनी मला बोलावून म्हणाले, "बाबू, मले तं माहं नाव दिसूनच नाही राह्यलं. छातीवर कायचा डाग हाय थो?" पोट्टे पंचवीस पावलांवर खेळत होते. काकांचं खरं होतं. तिथून नाव नव्हतंच, डाग होता.

आता बायर्नचं बघा. टेलिकॉमचा गुलाबी आणि जर्सीचा लाल हे वेगळे रंग आहेत, पण उठून दिसण्याच्या हिशेबात शेजारी-शेजारी बसणारे. पांढरा केला तिथे कंपनीचा अपमान झाला नाही, कंपनीचं नाव वाचता आलं. बार्सिलोनाने 2006 मध्ये युनिसेफचं नाव छातीवर घेतलं. युनिसेफचा स्वतःचा रंग आकाशी, जर्सीवर ते पिवळं होतं. निळ्या-लाल पट्ट्यांवर पिवळाच हवा. मला आजही ती जर्सी सगळ्यात नेटकी वाटते.

हा घोळ फक्त लोगोपुरता नाही. 2018 च्या वर्ल्ड कपची पहिलीच मॅच रशिया विरुद्ध सौदी अरेबिया, एक टीम लाल, एक हिरवी. ज्यांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही अशा प्रेक्षकांनी तक्रार केली की कोण कुठल्या टीमचा तेच समजत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे साधारण 8 टक्के असतात. लाल-हिरव्यातला वेगळेपणा त्यांच्या कामाचाच नाही, तिथे त्यांना उजळपणाचा फरकच वाचवतो.

लंडनच्या टॉटनहॅम क्लबच्या पांढऱ्या जर्सीवरच्या एआयए या विमा कंपनीच्या लाल लोगोवरून चाहत्यांचा जो राग होता, तो यात मिसळू नका. तो लोगो लख्ख दिसत होता. लाल म्हणजे त्यांचा कट्टर वैरी आर्सेनल, दुखणं ते होतं. तो आपल्या-परक्याचा प्रश्न, नजरेचा नाही.

आणि लोगो दिसत नाही म्हणून त्याच्यामागे पांढरा चौकोन टाकणं बंद करा. छातीवर शाळेच्या वहीचं लेबल चिकटवल्यासारखं दिसतं. अगदीच कंपनीचा रंग हवा असेल तर अक्षरांना बारीक पांढरी कड द्या. सब्लिमेशनमध्ये, म्हणजे गरम करून शाई कापडात मुरवायच्या छपाईत, पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे न छापलेलं कापड, त्यामुळे छपाईआधीच डिझाइनमध्ये ती कड सोडायला सांगा. मागाहून होत नाही.

ऑर्डर देण्याआधी डिझाइनचा फोटो मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करा. नाव वाचता आलं तर पुढे जा. मग ते कागदावर खऱ्या मापात छापून मैदानाच्या पलीकडे कोणाच्या तरी छातीवर धरा, सूर्य मावळताना.

या वर्षी जर्सी तीच बॉटल ग्रीन आहे. काकांचा लोगो पिवळा केलाय. "आमचा रंग लाल हाय ना," ते म्हणाले. मी त्यांना संध्याकाळी मैदानावर नेलं, दोन्ही कागद पलीकडच्या गोलपोस्टवर लावले. त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं आणि पिवळ्याकडे बोट दाखवलं.