रेस फिल्म

रेस फिल्म : अमेरिकेत साधारण १९१५ ते १९५० या काळात कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी, जवळजवळ सर्व नट कृष्णवर्णीय घेऊन, हॉलिवूडच्या बाहेर काढले गेलेले चित्रपट. घोड्यांच्या रेसशी या नावाचा काही संबंध नाही. त्या काळच्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांत ‘द रेस’ म्हणजे ‘आपला समाज’. समाजासाठी झटणाऱ्याला ‘रेस मॅन’ म्हणत आणि हे बिरुद अभिमानाने मिरवले जाई. असे सुमारे ५०० चित्रपट निघाले. त्यांतले शंभरही आज शिल्लक नाहीत.

चित्रपट कोणाच्या पैशाने निघाला, यावरून त्याला रेस फिल्म म्हणत नसत. निर्माते अनेकदा गोरे असत. फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे कंपनी चालवणारा रिचर्ड नॉर्मन गोरा होता, पण त्याच्या ‘द फ्लाइंग एस’मधील (१९२६) वैमानिक नायक कृष्णवर्णीय होता. अमेरिकी लष्कराने कृष्णवर्णीयांना वैमानिक म्हणून घेण्याच्या कितीतरी वर्षे आधीची ही गोष्ट. उलट शिकागोची एबनी फिल्म कंपनी समाजाच्या नावावर विदूषकी विनोदपट काढी आणि ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीय वृत्तपत्राने तिला भरपूर झोडपले. प्रश्न पैशाचा नसून चित्रपट कोणाला समोर धरून बोलतो याचा होता. समोर फक्त आपलीच माणसे बसलेली असली की गोऱ्यांपुढे कधी काढता न येणारी भांडणेही काढता येतात. ही मुभा हेच या सिनेमाचे खरे वेगळेपण.

प्रेक्षक आणि थिएटर

सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन निकालाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व कायदेशीर ठरवले होते. दक्षिणेकडील राज्यांत थिएटरांची विभागणी कायद्याने झाली, तर उत्तरेत बहुतेक ठिकाणी रिवाजाने. आपल्याकडे बाल्कनीचे तिकीट म्हणजे ऐटीचे. तिथे मात्र कृष्णवर्णीयांना बाल्कनीत बसवत, तेही रस्त्याच्या बाजूच्या वेगळ्या जिन्याने चढून. त्या जागेला ‘गिधाडांचे बसणे’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले होते.

रेस फिल्मला वाट मिळाली ती तीन ठिकाणी. शिकागो, न्यूयॉर्कचे हार्लेम, फिलाडेल्फिया अशा शहरांतील कृष्णवर्णीय वस्त्यांची स्वतःची थिएटरे ही पहिली. गोऱ्यांच्या थिएटरात शेवटचा खेळ संपल्यावर होणारे ‘मिडनाइट रॅम्बल’ हे दुसरे. या खेळाला मालक कृष्णवर्णीयांना खालच्या खुर्च्यांवरही बसू देई, कारण एरवी रिकामे राहणारे सभागृह त्याला फुकटात भरून मिळे. तिसरी जागा चर्च, शाळा आणि मंडळांचे हॉल. एलॉइस गिस्ट आणि तिचा नवरा जेम्स हे फिरते धर्मप्रचारक १६ मिलिमीटरच्या फिल्मवर काढलेला ‘हेल-बाउंड ट्रेन’ (सुमारे १९३०) गावोगावच्या चर्चमध्ये दाखवत. त्यात नरकाकडे निघालेल्या आगगाडीचा एकेक डबा एकेका पापाचा आहे. जुगार, दारू, नाच असे डबे पाहिले की पुढचे प्रवचन निम्मे आधीच झालेले असे.

आरंभ

शिकागोच्या विल्यम फॉस्टरने १९१२-१३ च्या सुमारास ‘द रेलरोड पोर्टर’ हा छोटा विनोदपट काढला. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट म्हणून तो सांगितला जातो. पण चळवळीला धग लागली ती ८ फेब्रुवारी १९१५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झळकलेल्या डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मुळे. कृष्णवर्णीय म्हणजे बलात्कारी आणि कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची दहशतवादी संघटना म्हणजे तारणहार अशी मांडणी करणारा हा चित्रपट प्रचंड चालला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर क्लॅनची नव्याने स्थापना झाली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने चित्रपटावर बंदी आणण्यासाठी शहरोशहरी लढा दिला. या लढ्याला एक उलटी बाजूही होती. ‘चित्रपटामुळे दंगल होईल, म्हणून थांबवा’ हा युक्तिवाद सेन्सॉर मंडळांनी पुढे कृष्णवर्णीय दिग्दर्शकांच्याच विरोधात वापरला.

१९१६ मध्ये नोबल आणि जॉर्ज जॉन्सन या भावांनी लिंकन मोशन पिक्चर कंपनी काढली. नोबल युनिव्हर्सल स्टुडिओत नट होता, तर जॉर्ज नेब्रास्कातील ओमाहा येथे टपाल खात्यात नोकरी करून उरलेल्या वेळात वितरण सांभाळी. पहिला चित्रपट ‘द रिअलायझेशन ऑफ अ नीग्रोज अँबिशन’. शिकलेला तरुण, कष्ट आणि यश असा त्याचा सरळ साचा होता. युनिव्हर्सलच्या दबावामुळे नोबलला १९१८ मध्ये कंपनी सोडावी लागली आणि १९२१ नंतर तिचे चित्रपट थांबले. जॉर्जने जपून ठेवलेली कात्रणे व पत्रे आज लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत. ती नसती तर या नोंदीतला बराच भाग कोणालाच लिहिता आला नसता.

ऑस्कर मिशो

जन्म २ जानेवारी १८८४, इलिनॉय राज्यातील मेट्रोपोलिसजवळ. पुलमन कंपनीच्या झोपण्याच्या डब्यांत पोर्टर, मग साउथ डकोटात सरकारी जमीन घेऊन शेतकरी, मग स्वतःच छापलेल्या कादंबऱ्या दारोदार विकणारा लेखक. त्याच्या ‘द होमस्टेडर’ (१९१७) या कादंबरीवर चित्रपट काढण्याची लिंकन कंपनीची इच्छा होती. दिग्दर्शन मीच करणार, असा मिशोने हट्ट धरला आणि बोलणी फिसकटली. मग त्याने आयोवातील सू सिटी येथे स्वतःची कंपनी काढून तिचे भाग त्या भागातल्या गोऱ्या शेतकऱ्यांनाही विकले. आठ रिळांचा ‘द होमस्टेडर’ फेब्रुवारी १९१९ मध्ये शिकागोत लागला. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. १९४८ पर्यंत मिशोने चाळीसहून अधिक चित्रपट काढले.

त्याची पद्धत पुस्तकविक्यासारखीच राहिली. आगामी चित्रपटातील नटांची छायाचित्रे घेऊन तो थिएटरमालकांना गाठे, तारखा नक्की करून आगाऊ रक्कम उचले आणि त्या पैशातून चित्रीकरण करी. हाताशी प्रिंट थोड्या असत, त्यामुळे एका गावचा खेळ संपला की तीच प्रिंट पुढच्या गावी जाई. प्रत्येक गावागणिक ओरखडे, तुटलेले सांधे आणि गहाळ झालेल्या चौकटी वाढत. मालकाने तिकिटांचा खरा हिशोब न देणे, किंवा भाड्याने घेतलेली प्रिंट शेजारच्या थिएटरला परस्पर फिरवणे, ही गळती वेगळी. १९२८ मध्ये मिशोची कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे गोऱ्या भांडवलदारांच्या मदतीने त्याने ‘द एक्झाइल’ (१९३१) हा बोलपट काढला.

मिशोच्या चित्रपटांतले विस्कळीत सांधे, मध्येच पालटणारा उजेड, अडखळणारे संवाद यांवर टीकाकार हसत आले आहेत. पण स्टुडिओचे भाडे परवडत नसल्याने चित्रीकरण ओळखीच्यांच्या घरांत होई. फिल्म महाग असल्याने चुकलेला शॉटही बहुधा तसाच ठेवला जाई. यातले किती आर्थिक नाइलाजाने आणि किती जाणूनबुजून, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. सगळ्याच वेडेवाकडेपणाला शैली ठरवणे हाही भाबडेपणाच, पण नट कसे निवडावेत हे मिशोला नक्की कळत होते. पुढे लाफायेट प्लेयर्स या नाट्यसंस्थेतही गेलेली इव्हलिन प्रियर त्याची प्रमुख अभिनेत्री झाली आणि पॉल रोबसन पडद्यावर प्रथम आला तो मिशोच्याच ‘बॉडी अँड सोल’मध्ये (१९२५).

कात्री

सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्य लागू नाही, असे ठरवले. हा निकाल १९५२ पर्यंत टिकला. पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, कॅन्सस, मेरीलँड, न्यूयॉर्क, व्हर्जिनिया या राज्यांची आपापली सेन्सॉर मंडळे होती, शिवाय शिकागोसारख्या शहरांची वेगळी. प्रत्येकाची कात्री निराळी आणि ती थेट प्रिंटवर चाले. परिणामी दोन राज्यांतले प्रेक्षक एकाच नावाचे दोन वेगळे चित्रपट पाहत. व्हर्जिनियात परवान्याशिवाय खेळ लावल्यावरून मिशोचा तिथल्या मंडळाशी खटकाही उडाला.

‘विदिन अवर गेट्स’ (१९२०) हे याचे ठळक उदाहरण. कुळाने जमीनदाराला मारल्याचा खोटा आळ येतो आणि झुंड त्याच्यासह बायकोलाही फासावर लटकवते. त्याच वेळी दुसरीकडे एक गोरा त्यांच्या मानलेल्या मुलीवर हात टाकतो आणि तिच्या छातीवरचा व्रण पाहून ती आपलीच मुलगी असल्याचे त्याला कळते. ग्रिफिथने याच आलटून-पालटून जोडणीने गोऱ्या स्त्रीची ‘सुटका’ दाखवली होती. मिशोने ते तंत्र उचलून आरोपाची दिशा फिरवली. जुलै १९१९ च्या शिकागो दंगलीत ३८ माणसे मेली होती, म्हणून शिकागोच्या मंडळाने आधी परवानगी नाकारली. अखेर जानेवारी १९२० मध्ये शिकागोच्या व्हेंडोम थिएटरात तो लागला. विरोध करणाऱ्यांत केवळ गोरे नव्हते. जखम ताजी असताना हे दाखवू नये, असे अनेक कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचेही मत होते.

‘बॉडी अँड सोल’मध्ये पाद्रीच लुच्चा, दारुडा आणि बलात्कारी. न्यूयॉर्कच्या मंडळाने तो नाकारला आणि काटछाटीत नऊ रिळांचा चित्रपट पाच रिळांवर आला. ‘हे सगळे आईला पडलेले स्वप्न होते’ हा त्याचा लंगडा शेवट या दबावाशी जोडून पाहिला जातो.

घरातली भांडणे

गोऱ्यांचा अन्याय रेस फिल्ममध्ये आहे, पण वाटतो तितका नाही. जास्त जागा घेतात ते समाजाच्या आतले प्रश्न. धर्म हा त्यातला मोठा. ‘विदिन अवर गेट्स’मधला एक उपदेशक गोऱ्यांना खूश करण्यासाठी ‘आहे त्यात समाधान माना’ असे सांगतो, त्यांची लाथ हसत खातो आणि दाराबाहेर आल्यावर त्याचा चेहरा उतरतो. काही सेकंदांचा हा प्रसंग साऱ्या मिशोत सर्वांत धारदार आहे. दुसरा विषय ‘पासिंग’, म्हणजे उजळ कातडीच्या माणसाने आपले मूळ लपवून गोरा म्हणून जगणे.

तिसरा विषय कातडीच्या छटेचा आणि त्यावर बेतलेल्या पायऱ्यांचा. फिलाडेल्फियाच्या कलर्ड प्लेयर्स कंपनीच्या ‘द स्कार ऑफ शेम’मध्ये प्रतिष्ठित घरातला संगीतकार गरीब वस्तीतल्या मुलीशी लग्न करतो आणि ते आईपासून लपवतो. पडद्यावरच्या पाट्यांत यासाठी सरळ ‘कास्ट’ हाच शब्द आहे. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांच्या, आणि १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून नाव घेणाऱ्या दलित पँथरच्या वाचकाला हा शब्द तिथे भेटावा, याचे नवल वाटणार नाही.

मिशोही या छटेच्या खेळातून सुटला नाही. त्याचे सज्जन उजळ आणि दुर्जन काळे असतात, हे थिओफिलस लुइस या समीक्षकाने १९३० मध्ये ‘अ डॉटर ऑफ द काँगो’वर लिहिताना स्पष्ट मांडले. १९३८ मध्ये ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रन’विरुद्ध न्यूयॉर्कमध्ये निदर्शने होऊन चित्रपट काढून घ्यावा लागला. ‘डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरिअर’, ‘ॲमस्टरडॅम न्यूज’ या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांच्या पानांवर हे वाद चालत. ‘डिफेंडर’चे अंक पुलमन पोर्टर लपवून दक्षिणेत नेत, त्यामुळे चित्रपट पोहोचण्याआधी त्याच्यावरचा वाद गावात पोहोचलेला असे.

ऱ्हास

ध्वनी आल्यावर खर्च वाढला आणि लहान कंपन्या बुडाल्या. तिशीच्या दशकात हार्लेमी गुंडपट आणि हर्ब जेफ्रीज या गाणाऱ्या काउबॉयचे पट चालले. बहुतेक ठिकाणी पैसा गोऱ्यांचा होता. अपवाद म्हणावा असा स्पेन्सर विल्यम्स या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा ‘द ब्लड ऑफ जीझस’ (१९४१), सुमारे ५,००० डॉलरमध्ये टेक्सासमध्ये झालेला. त्यालाही डॅलसच्या आल्फ्रेड सॅक या गोऱ्या वितरकाचाच पैसा लागला होता. १९४९ मध्ये हॉलिवूडने स्वतःच वर्णभेदावर ‘पिंकी’सारखे चित्रपट काढले आणि प्रेक्षक तिकडे वळला. मिशो २५ मार्च १९५१ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे वारला. पुढच्या पिढीतला कृष्णवर्णीय दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट याचा ‘किलर ऑफ शीप’ दहा हजार डॉलरच्या आत झाला, पण त्यातल्या गाण्यांचे हक्क सोडवायला सुमारे दीड लाख डॉलर लागल्याने १९७८ चा हा चित्रपट थिएटरात नीट लागला तो २००७ मध्ये. पैशाची अडचण गेली नव्हती, फक्त तिने जागा बदलली होती.

अवशेष आणि ते पाहताना

त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. ती कुजताना आधी प्रतिमा फिकट होते, मग थर चिकट होतात, रीळ घट्ट गोळा होऊन शेवटी तपकिरी भुकटी उरते. पेटली तर पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. मोठ्या स्टुडिओच्या अनेक प्रिंटांपैकी एखादी कुठेतरी टिकते. मुळात मोजक्याच प्रिंट असतील तर ती शक्यताही मावळते. म्हणून बरेच शोध अनपेक्षित जागी लागले. ‘विदिन अवर गेट्स’ स्पेनमध्ये ‘ला नेग्रा’ या नावाने सापडला. इंग्रजी पाट्यांपैकी चारच उरल्या होत्या, बाकीचा मजकूर स्पॅनिशवरून पुन्हा इंग्रजीत आणून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मध्ये प्रत तयार केली. त्यामुळे पाट्यांतल्या शब्दांवरून मिशोच्या भाषेविषयी निष्कर्ष काढू नयेत. मिशोचाच ‘द सिम्बॉल ऑफ द अनकॉन्कर्ड’ बेल्जियममध्ये मिळाला. टेक्सासमधील टायलर येथे १९८३ मध्ये एका गोदामात अशा चित्रपटांचा साठाच हाती लागला.

मूकपट दाखवताना वेग तपासावा. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी, रीळ सुमारे १,००० फुटांचे. सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने ते जवळजवळ पावणेसतरा मिनिटे चालते, बोलपटाच्या २४ च्या वेगाने अकराच मिनिटे. पाच रिळांचा चित्रपट चुकीच्या वेगाने लावला की सुमारे ८३ मिनिटांचा ५५ मिनिटांत उरकतो आणि गंभीर प्रसंगात माणसे तुरुतुरु धावू लागतात. कथेत अचानक खळगा लागला तर तिथे कात्री, हरवलेले रीळ की तुटलेला सांधा, हे आधी पाहावे आणि मगच दिग्दर्शकाला दोष द्यावा. २०१६ मध्ये किनो लॉर्बर या चित्रपट-वितरण कंपनीने काढलेल्या पाच तबकड्यांच्या संचात यांतले बरेच चित्रपट आहेत. ‘द होमस्टेडर’ त्यात नाही, कारण त्याची एकही प्रिंट अजून सापडलेली नाही.