गारंबी: शेंगेवरून ओळखायची महावेल

सह्याद्रीच्या दाट रानात ओढ्याकाठाने वर बघत चाललं, तर एखाद्या उंच झाडावरून तलवारीसारखी लांब, रुंद शेंग लोंबताना दिसते. ती शेंग त्या झाडाची नसते. झाडावर चढलेल्या गारंबीची असते. शेंग मीटरभर सहज भरते, क्वचित 2 मीटरपर्यंतही जाते, आणि रुंदीला तळहाताएवढी असते. वनस्पतीजगतातल्या सर्वांत मोठ्या शेंगांमध्ये हिची गणना होते.

गारंबीचं शास्त्रीय नाव एन्टाडा ऱ्हीडी. ही महावेल आहे, म्हणजे लाकडी खोडाची, वर्षानुवर्षं जगणारी वेल. झाडाला स्वतःचा भार पेलण्यासाठी जाडजूड खोड उभारावं लागतं. महावेल तो खर्च दुसऱ्याच्या फांद्यांवर टाकते आणि वाचलेली ताकद लांबी वाढवण्यात घालते. तिच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या झाडांच्या मानाने रुंद असतात, म्हणूनच एवढ्याशा जाडीच्या खोडातून शेंड्यावरच्या सगळ्या पानांना पाणी पुरतं. जुन्या गारंबीचं खोड चपटं होऊन पिळलेलं असतं. आधाराची फांदी मोडली तरी असं खोड वाकतं, सहसा तुटत नाही.

चढण्याची युक्ती पानात आहे. पान बाभळीसारखं दुहेरी विभागलेलं, पण पर्णिका, म्हणजे पानाचे छोटे भाग, चांगल्या मोठ्या. पानाचा मधला दांडा टोकाला पर्णिकेत संपत नाही. त्याचा दोन फाटे असलेला तणावा होतो आणि हाती लागेल त्या डहाळीला विळखा घालतो. फुलं मात्र अगदी बारीक, फिकट पिवळसर, लांब कणसासारख्या तुऱ्यात दाटीने येतात. एवढ्या इवल्या फुलातून एवढी शेंग होते, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

शेंगेच्या रचनेत खरी गंमत आहे. वाल-वाटाण्याची शेंग दोन बाजूंनी उकलते आणि बिया बाहेर पडतात. गारंबीची शेंग तशी उकलत नाही. ती आडवी तुटते. प्रत्येक बीभोवती एक कप्पा असतो आणि पक्व झाल्यावर हे कप्पे एकेक करून गळतात. मागे वेलीवर उरते ती शेंगेच्या दोन्ही कडांची रिकामी चौकट.

बी चपटं, तपकिरी, गुळगुळीत, 4-5 सेंटीमीटर व्यासाचं. कवच इतकं टणक की त्यातून पाणी आत शिरत नाही, आणि कवच घासल्याशिवाय किंवा झिजल्याशिवाय बी रुजत नाही. आतल्या दोन दलांमध्ये हवेची पोकळी असते, त्यामुळे बी तरंगतं. ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात, असा त्याचा प्रवास होतो. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण प्रदेशांत एकच जाती पसरण्यात या तरंगण्याचा मोठा वाटा आहे. तिची अमेरिकेतली बहीण एन्टाडा गिगास हिच्या बिया तर अटलांटिक ओलांडून आयर्लंड आणि नॉर्वेच्या थंड किनाऱ्यांना लागतात. तिथे त्या रुजत नाहीत, एवढंच.

आता नावाकडे वळू. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्‍ड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा 12 खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, आपू भट हे कोकणी वैद्य या कामात होते. या तिघा कोकणी वैद्यांनी दिलेलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे. त्याच ग्रंथातलं ‘एन्टाडा’ हे मलबारी नाव फ्रेंच शास्त्रज्ञ ॲडान्सन याने 1763 मध्ये प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला दिलं. 1825 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ स्प्रेंगेलने जातीच्या नावात ऱ्हीडला स्थान दिलं. त्याच वर्षी स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कान्दोलने याच वेलीला पर्सीथा हे दुसरं नाव दिलं, पण आधी छापलेलं नाव ग्राह्य धरायचं या नियमाने ऱ्हीडी टिकलं.

गोंधळ मात्र संपला नाही. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’मध्ये 1878 साली ही वेल एन्टाडा स्कॅन्डेन्स म्हणून नोंदली गेली आणि या एका नावाखाली वेगवेगळ्या देशांतल्या निरनिराळ्या जाती एकत्र आल्या. याला फक्त दुर्लक्ष म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. या जातींची फुलं एकमेकींसारखी, तीही झाडांच्या शेंड्यावर. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा, कागद अर्धा मीटरही लांब नसतो, त्यावर मीटरभर शेंग चिकटवणार कशी? आणि भेद तर शेंगेतच ठळक दिसतो. गारंबीची शेंग बहुतेक सरळ किंवा जराशी वाकलेली, गिगासची स्क्रूसारखी पिळलेली.

कुळाचा पत्ताही अलीकडे बदलला. बाभूळ, लाजाळू यांचा गट पूर्वी स्वतंत्र उपकुळ मानला जाई. 2017 मध्ये डीएनएच्या आधारे शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या, कुळाची सहा उपकुळांत फेरमांडणी झाली. त्यात हा सगळा गट, गारंबीसकट, बहावा आणि गुलमोहराच्या उपकुळात गेला.

रानात ओळखायची झाली तर फुलांच्या मागे लागू नका. पिळलेलं खोड दिसलं की खाली पाचोळ्यात शेंगेचे गळलेले चौकोनी तुकडे शोधा आणि वर नजर टाका. रिकाम्या चौकटी तिथे लटकत असतील.