कंपनी बदला, फोन तोच ठेवा

सिमची कंपनी बदलली की हँडसेटही बदलावा लागतो, ही समजूत अजून टिकून आहे. एके काळी ती खरी होती: रिलायन्स, टाटा इंडिकॉमच्या सीडीएमए या जुन्या तंत्राच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीची सेवा चालतच नसे. तो जमाना गेला. आजचा साधारण कुठलाही 4जी स्मार्टफोन कोणत्याही कंपनीचं सिम घेतो. अपवाद जिओफोनसारख्या कंपनीशी बांधलेल्या फोनचा. शिवाय जिओकडे 2जी-3जी नाही, म्हणून तिथे जुना साधा फोन चालणार नाही.

नंबरही जात नाही. 2011 पासून देशभर ही सोय आहे. इंग्रजीत ‘पोर्ट’, मग जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस 1900 वर पाठवा. नव्या कंपनीला द्यायचा आठ अक्षरी कोड येतो; महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. रिचार्ज कितीही स्वस्तातला असो, हा एसएमएस जायलाच हवा, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, आदेश आहे. दुकानदार ‘मोठा रिचार्ज मारा’ म्हणाला तर ऐकू नका.

व्हॉट्सअ‍ॅप नंबरावर चालतं, ते तसंच राहतं. जुन्या सिमवर सेव्ह केलेले नंबर मात्र आधी फोनमध्ये उतरवून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांचे बहुतेक तिथेच असतात. उरलेला बॅलन्स बुडतो, तेव्हा प्लॅन संपत आल्यावरच पोर्ट करा.